नऊ नंबरची चादर

१

बालगृहाच्या मागच्या अंगणात नळाशेजारी दहा वर्षांची एक मुलगी चादर पिळत होती. चादर तिच्याहून मोठी, म्हणून दुसरं टोक मुलींच्या खोलीवरच्या मावशीने धरलं होतं. दोघी दोन टोकांना उभ्या राहून उलटसुलट पीळ देत होत्या आणि दोघीही तोंडातून शब्द काढत नव्हत्या. वरच्या खिडकीत तीनचार मुली नाकं धरून उभ्या होत्या. पाणी निथळून संपलं, तरी मुलीचे हात थांबेनात.

फाटकातून आत येणाऱ्या बाईंनी हे पाहिलं आणि त्यांचा दुखरा गुडघा जरा जास्तच दुखला. तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका म्हणून काढल्यावर आता कुठे घरी बसून देवाचं नाव घ्यावं, तर बालकल्याण समितीने त्यांना तपासणीच्या कामावर घेतलं होतं. नाही म्हणणं बाईंना कधी जमलंच नव्हतं.

या खेपेचं काम एका चिठ्ठीवरून आलं होतं. दर महिन्याला मुलांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी संस्थेचं सकाळचं रजिस्टर चाळलं होतं. कोणाचं अंथरूण ओलं, कोणाचं कोरडं, हे त्यात रोज लिहिलं जाई. कोरड्याला निळी खूण, ओल्याला लाल. नऊ नंबरच्या पलंगापुढे दोन वर्षं निळ्या खुणांची रांग होती आणि गेले तीन आठवडे अचानक लाल. डॉक्टरांनी लिहिलं होतं, एवढी मोठी, नीट असलेली मुलगी एकाएकी अंथरूण ओलं करू लागते तेव्हा तिला कुणी त्रास देतंय का, हे आधी पाहावं. ते कळेपर्यंत मुलीला कुठेही पाठवू नये.

खरी अडचण पुढेच होती. मुलगी शनिवारी जायची होती. एका बसड्रायव्हरने आणि त्याच्या बायकोने तिला आपल्या घरी वाढवायला मागितलं होतं, आणि समितीच्या हुकुमाची मुदत शनिवारी दुपारी बाराला संपत होती. मुदत टळली की ते कुटुंब पुन्हा यादीच्या शेपटाला जाणार. मुलीला पुढच्या महिन्यात अकरा वर्षं पूर्ण होणार आणि तिची रवानगी मोठ्या मुलींच्या इमारतीत होणार. तिथल्या मुलींना न्यायला आलेलं कुटुंब बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं.

गुरुवारचे साडेनऊ वाजले होते.

२

बालगृहाच्या अधीक्षिका वाईट बाई नव्हत्या. अडतीस मुलं, चार माणसं आणि रोज कुठल्या तरी कार्यालयाला पाठवायचे तीन तक्ते, एवढ्या ओझ्याखाली त्यांचा आवाज सपाट होऊन गेला होता. त्यांनी बाईंपुढे चहा ठेवला आणि स्वतःचा विसरून थंड होऊ दिला. मुलीचं नाव रजिस्टरात काहीही असो, सगळी तिला ‘मुकादम’ म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं. खोलीतल्या चौदा मुलींना रांगेत उभं करणं, धाकट्यांच्या वेण्या घालणं, कोणाची चप्पल कुठे पडली हे ओरडून सांगणं, ही सगळी कामं तिने स्वतःहून अंगावर घेतली होती. आणि तीच आता हे करत होती.

बाईंनी विचारलं, ओलं आहे हे तुम्ही कसं पाहता? अधीक्षिकांनी रीत सांगितली. साडेपाचला घंटा होते. मुली उठून न्हाणीघराकडे धावतात, कारण कोमट पाणी पहिल्या पाचसहा जणींनाच मिळतं. तेवढ्यात मावशी एकेका पलंगावरची चादर काढते, तिची गुंडाळी करून त्याच पलंगाच्या पायथ्याशी ठेवते. दहा मिनिटांनी अधीक्षिका रजिस्टर घेऊन फिरतात, एकेका गुंडाळीवर हात ठेवतात आणि खूण करतात. जिची चादर ओली तिने ती नाश्त्यानंतर स्वतः धुवायची. शिस्त लागावी म्हणून.

“शिस्त लागते?” बाईंनी विचारलं.

“तिला तरी नाही लागली,” अधीक्षिका म्हणाल्या.

संशय घ्यायचा तर डॉक्टर सोडून घरात येणारे पुरुष दोनच. पहिले चित्रकलेचे सर, मंगळवारी आणि शुक्रवारी येणारे. ते जवळच राहत. त्यांना बोलावून घेतलं, तर बिचारे रंगाचे डाग पडलेल्या हातांनीच आले. वर्ग संपल्यावर मुकादमला ते मागे ठेवून घेतात, असं एक मुलगी म्हणाली होती. सरांनी ते लगेच मान्य केलं. सगळ्यांचे ब्रश तीच धुते, दुसऱ्या कुणाला धुऊ देत नाही, आणि वर्गाचं दार तर सताड उघडं असतं. मग अंमळ थांबून त्यांनी आणखी सांगितलं की, तीन आठवड्यांपासून तिच्या बाकावर कुणी बसत नाही. ती एकटी बसते आणि कागद कोरा ठेवून परत देते.

दुसरा फाटकावरचा वॉचमन. हा जरा तिरकस होता. संशय आपल्यावरही आहे हे कळल्यावर त्याने आपली खुर्ची आणि मुलींच्या खोलीचं दार यांच्यामधलं अंतर पावलांनी मोजून दाखवलं आणि म्हणाला, माझी ड्यूटी आठला संपते, मग मी घरी जाऊन बायकोची बोलणी खातो, हवं तर तिला विचारा, ती आनंदाने साक्ष देईल. बाईंना इतक्या थकव्यातही हसू आलं.

जाता जाता तो म्हणाला, “एक विचारू का, बाई? माणूस पाणी न पिता किती दिवस राहतो?”

“का हो?”

“पिण्याच्या पाण्याची टाकी माझ्या खुर्चीशेजारी आहे. दिवसभर पोरींचा तिथे नुसता मेळा. ही मुकादम दुपारी चारनंतर टाकीकडे फिरकत नाही. हाक मारली तर पळते.”

३

बाईंनी मुकादमला कार्यालयात बोलावलं नाही. त्या स्वतःच चादरी वाळत घातल्या होत्या तिथे गेल्या आणि पायरीवर बसल्या. गुडघा वाकवताना “देवा रे” असं तोंडातून निघालंच. मुलीने एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि आतून एक पाट आणून दिला.

“खाली ओल आहे. तुमचं लुगडं भिजेल.”

लुगडं म्हणणारी ही दहा वर्षांची मुलगी कुठल्या तरी म्हातारीच्या हाताखाली वाढलेली असणार, असं बाईंच्या मनात आलं. तिचे ओठ फुटले होते. खालच्या ओठाला मधोमध रक्ताची सुकलेली रेघ होती.

बाईंनी बरंच काही विचारलं, पण सरळ काहीच विचारलं नाही. कोण आवडतं, कोण नाही. कोणाची भीती वाटते. कोण कधी खोलीत येतं. असले प्रश्न विचारण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि मूल उत्तर देताना हात कुठे नेतं, डोळे कुठे नेतं, हे त्यांना शब्दांच्या आधी कळे. या मुलीच्या डोळ्यांत माणसाची भीती नव्हती. शरम होती, आणि त्या शरमेच्या तळाशी एक गोंधळ होता. तो बाईंना उमगेना.

अखेर मुलगीच म्हणाली, “मीच करते. मॅडमना सांगा, मी कबूल झाले.”

“कशी करतेस?”

“झोपेत. मला कळतच नाही.”

“म्हणून पाणी पीत नाहीस?”

तिने मान खाली घातली. चारनंतर मी थेंबसुद्धा पीत नाही, ती म्हणाली, तरी होतंच. बसवाल्या काकूंच्या घरी गादी नवीन आहे. त्यांनी फोटो दाखवला होता. ती खराब झाली तर ते मला परत आणून सोडतील. इथून दोघी तशा परत आल्यात.

बाईंनी तिचा हात हातात घेतला. हात गार होता, साबणाने सुरकुतला होता. “पहिल्या दिवशी तू काय म्हणाली होतीस मॅडमना?”

“मी केलं नाही म्हणून.”

“मग?”

“मॅडम म्हणाल्या, सगळ्या असंच म्हणतात. दुसऱ्या दिवशी पण सांगितलं. तिसऱ्या दिवशी नाही सांगितलं.” तिने फुटक्या ओठावरून जीभ फिरवली. “माझा फ्रॉक कोरडा असतो ना, त्यामुळे मला खोटं वाटायचं. पण चादर तर ओलीच निघते. म्हणजे मीच.”

तीन आठवडे या घरात अडतीस मुलं आणि पाच मोठी माणसं वावरत होती. लेकराचा फ्रॉक कोरडा होता का, एवढं एकानेही विचारलं नव्हतं.

४

जेवणाच्या वेळी खोली रिकामी झाली तेव्हा बाई अधीक्षिकांना घेऊन वर गेल्या. लोखंडी पलंगांच्या दोन रांगा, पायथ्याला रंगवलेले आकडे आणि सगळ्यांवर सारख्याच निळ्या पट्ट्यांच्या चादरी. बाईंनी नऊ नंबरची चादर दूर केली आणि गादीवर तळवा टेकवला. मग वाकून वास घेतला. गादी उलटी केली. कापूस कोरडा, कापडावर एकही डाग नाही.

“एवढ्या वेळा भिजलेली गादी अशी असते?” त्यांनी विचारलं.

अधीक्षिकांनीही हात लावून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. गादीला हात लावायचं कधी सुचलंच नाही, एवढंच त्या म्हणाल्या. गुंडाळीला लावायच्या.

मग बाई एकेक गादी उलटत निघाल्या. आठ, सात, सहा. गुडघा कुरकुरत होता, त्या त्याला गप्प करत होत्या. चार नंबरला त्या थांबल्या. वरून गादी स्वच्छ होती. खालच्या बाजूला मोठा पिवळट डाग, त्याच्या कडेला दुसरा, तिसरा, आणि मधोमध आज सकाळची ओल. सकाळी कुणीतरी गादी उलटून ठेवली होती.

चार नंबर गोटीचा. पाच वर्षांची, गोल डोक्याची, केस बारीक कापलेली मुलगी. तिला येऊन चार महिने होत आले होते. बाईंनी रजिस्टर मागवलं आणि पलंगाच्या कडेवर बसून दोन बोटं दोन रांगांवरून पुढे नेली. गोटीच्या रांगेत पहिले तीन महिने लालच लाल. मग तीन आठवडे निळं. नेमकं त्याच दिवसापासून नऊ नंबरचं लाल सुरू. जणू एका घरातला पाहुणा उठून शेजारच्या घरात जाऊन बसला होता.

पण एकवीस दिवसांत तीन दिवस निराळे होते. त्या तिन्ही दिवशी नऊ नंबर निळा होता आणि चार नंबर लाल. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिन्ही मंगळवार.

अधीक्षिका म्हणाल्या, लहानांचं कधीमधी होतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

“गुंडाळ्या बदलल्या जात होत्या,” बाई म्हणाल्या. “गोटीची ओली गुंडाळी नवाच्या पायथ्याशी, आणि नवाची कोरडी गोटीच्या. चादरी सगळ्या एकसारख्या, कोण ओळखणार. मुकादम तर घंटा झाली की सगळ्यांत आधी न्हाणीघरात, रांग लावायला. गोटीला ओली चादर काढून नीट गुंडाळता येणार नाही. तुम्ही येता दहा मिनिटांनी. त्या दहा मिनिटांत खोलीत कोण असतं?”

अधीक्षिकांनी खिडकीतून खाली, कपडे धुण्याच्या खोलीकडे पाहिलं.

“तिची सुट्टी कधी असते?”

“सोमवारी संध्याकाळपासून,” अधीक्षिका म्हणाल्या. “मंगळवारी रात्री येते.”

५

मावशी कपडे धुण्याच्या खोलीत होती. वीस वर्षं तिने या घरात चादरी काढल्या होत्या. तिला अक्षर येत नव्हतं. रजिस्टरातलं तिला निळं आणि लाल, एवढंच कळे. बाईंना पाहून तिने साबणाचा हात पदराला पुसला, आणि बाईंनी काही विचारण्याआधीच तिचा चेहरा पडला.

“गोटीसाठी केलंस ना?” बाई म्हणाल्या.

मावशीने नाही म्हटलं नाही. चार महिन्यांत जिचं अंथरूण सुकत नाही तिला दुसऱ्या संस्थेत पाठवतात, ती सांगू लागली. मंदबुद्धी लेकरांच्या. तीन वर्षांपूर्वी असंच एक पोर गेलं होतं, चांगलं बडबडं. मावशी सुट्टीच्या दिवशी तीन बस बदलून त्याला बघायला गेली होती. पोराने तिला ओळखलं नाही. नुसतं बसल्या जागी पुढेमागे झुलत होतं. तिथून परत येताना तिने मनाशी धरलं होतं, पुन्हा कुणाला जाऊ द्यायचं नाही. गोटीचे चार महिने भरत आले तेव्हा तिने पहिल्यांदा गुंडाळी उचलली.

“आणि ठेवायला तुला मुकादमचाच पलंग सापडला?”

“ती जाणार होती ना, बाई.” मावशी हे अगदी सरळपणे म्हणाली. “बाकीच्या तेरा इथेच राहणार. त्यांच्या नावापुढे लाल लागलं तर त्यांना भोगायला लागेल. हिचं तर घर ठरलेलं. वही काय तिच्याबरोबर जायची होती? थोडे दिवस पोरीने चादर धुतली तर धुतली. मी रोज टोक धरत होते.”

बाईंना राग यायला हवा होता. पण इतक्या वर्षांत त्यांनी वाईट माणसांनी केलेली वाईट कामं थोडीच पाहिली होती. चांगल्या मनाने केलेली वाईट कामंच जास्त पाहिली होती. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. डॉक्टर दर महिन्याला ती वही वाचतात. लाल खुणांमुळे मुकादमचं जाणं थांबलंय. आणि गोटीचं निळं बघून डॉक्टरांना वाटलं, हिला काही त्रासच नाही, म्हणून त्यांनी तिला तपासलंसुद्धा नाही.

मावशी भिंतीला टेकली.

“पोर चारनंतर पाणी पीत नाही,” बाई म्हणाल्या. “आपल्या अंगात काहीतरी बिघडलंय असं तिला वाटतं. तिने कबुली दिली आहे, मावशी. न केलेल्या गोष्टीची.”

मावशी हळूहळू खाली बसली, ओल्या फरशीवरच. रडणं आलं तेही आवाजाशिवाय. बऱ्याच वेळाने तिने एकच विचारलं, “माझं नाव लिहिणार?”

६

शुक्रवारचा अख्खा दिवस बाई त्या प्रश्नाशी भांडत राहिल्या. नाव न लिहिता काम भागलं असतं. ‘नोंदीत चूक झाली’ असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. मग मावशी खोलीत राहिली असती, गोटी तिच्या पदराला धरून झोपली असती. पण एका खोट्या वहीने एका लेकराला स्वतःच्याच अंगावर अविश्वास ठेवायला शिकवलं होतं. त्या वहीवर आणखी एक खोटा कागद चढवायला बाईंचा हात धजेना. रात्री देवापुढे बसून त्यांनी सगळं जसंच्या तसं लिहून काढलं, मावशीचं नावसुद्धा. तिची वीस वर्षंही लिहिली आणि तीन बसही.

शनिवारी सकाळी डॉक्टर आले. त्यांनी गोटीला तपासलं आणि अधीक्षिकांना जरा चिडूनच सांगितलं की, पाच वर्षांचं घर सुटलेलं पोर अंथरूण ओलं करतं यात नवल काय, चार महिन्यांचा नियम तुम्हाला कोणी सांगितला? अधीक्षिका म्हणाल्या, आधीच्या अधीक्षिकांनी. त्यांना कोणी सांगितला, ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं. गोटी राहणार होती. मुकादमला पाठवायला आता हरकत नाही, असंही डॉक्टरांनी लिहून दिलं. मावशीला समितीचा निर्णय होईपर्यंत मुलींच्या खोलीवरून काढून कपडे धुण्याच्या खोलीत ठेवलं गेलं. आता गोटीला रात्री कोण जवळ घेणार, याचं उत्तर बाईंच्या अहवालात नव्हतं.

साडेअकराला बाईंनी मुकादमला सांगितलं. तू केलं नाहीस. एकदासुद्धा नाही.

मुलीने ते ऐकून घेतलं. “एकदासुद्धा नाही?”

“एकदासुद्धा नाही.”

मग मावशी आत आली. आपल्या तोंडाने सांगायचं असा तिचाच हट्ट होता. दाराशीच उभी राहून तिने अर्धवट वाक्यांत, गोटीचं नाव घेत घेत, सगळं सांगितलं आणि हात जोडले. मुकादम तिच्याकडे बघत राहिली. बाईंना वाटलं, आता ही रडेल, नाहीतर मावशीला बिलगेल. ती दोन्ही करेना.

“मला विचारायचं ना,” ती म्हणाली. “मी हो म्हटलं असतं.”

मावशीच्या जोडलेल्या हातांना खाली कसं यावं ते कळेना.

फाटकाशी बसड्रायव्हर आणि त्याची बायको येऊन थांबली होती. बारा वाजायला दहा मिनिटं होती. बाई उठल्या, तशी मुकादम म्हणाली, “मला लिहून द्या.”

“काय?”

“मी केलं नाही, ते.”

अहवाल मुलांच्या हाती द्यायचा नसतो, हे बाईंनी समजावलं. मुलगी हलेना. बाईंनी मग पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि गुडघ्यावर धरून मोठ्या अक्षरांत लिहिलं: नऊ नंबरच्या पलंगावरच्या मुलीने एकदाही अंथरूण ओलं केलं नाही. तिची चादर कोरडीच होती. ती खरं बोलत होती. खाली सही केली, तारीख घातली.

मुकादमने ते बोट फिरवत दोनदा वाचलं. मग कागद घेऊन कार्यालयात गेली आणि अधीक्षिकांच्या टेबलावर ठेवला.

“यावर शिक्का नाही,” ती म्हणाली.

अधीक्षिकांनी कागद उचलला. तीन ओळी वाचायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. बाहेर बसवाल्याने हळूच हॉर्न वाजवला. अधीक्षिकांनी खण उघडला, शिक्का शाईवर दाबला आणि कागदावर उमटवला. तो तिरका उमटला होता, म्हणून त्यांनी शेजारी पुन्हा एक सरळ मारला.

शाई ओली होती. मुकादमने कागद तळहातांवर आडवा धरला आणि तशीच, त्यावर फुंकर घालत, फाटकाकडे निघाली.